उरेल ते माझं

दोहा,
१२ मार्च १९८३

प्रिय अँजेलीनताई,

तुझं पत्र आणि सुकेळ्यांचा डबा दोन्ही पोचले. डबा मी नर्सेस हॉस्टेलच्या जेवणाच्या टेबलावर उघडला ही चूक झाली. केरळच्या पोरींनी अर्धा तिथेच फस्त केला आणि वर विचारलं, तुमच्याकडे केळी वाळवून का खातात? म्हटलं, तुमच्यासारखी तळून खाल्ली तर वसई कशी कळेल?

सबिनाने पाटीवर नाव काढलं हे वाचून मी ड्युटीवर जाताना लिफ्टमध्ये हसत होते. मी निघाले तेव्हा दोन वर्षांची होती. रेमंड जाऊन चार महिने झाले होते, माझ्या अंगावर काळे कपडे होते आणि ती तुझ्या खांद्यावर झोपली होती, म्हणून रडली नाही. आता पाच पूर्ण. माझा फोटो तिला रोज दाखवतेस ना? नुसता दाखवू नकोस, बोटाने दाखवून ‘मम्मी’ म्हणायला लाव.

आता कामाचं. मागच्या गुरुवारी आमच्या हॉलमध्ये एक गोरा एजंट आला होता. त्यांच्याकडच्या कुठल्याशा बेटावर एक फंड निघाला आहे, पाच वर्षांच्या मुदतीचा. ८८ च्या मार्चमध्ये बंद. तुला समजेल असं सांगते. समज, सगळ्यांनी मिळून एक केळीची बाग घेतली. बाग एकच, पण हिस्से दोन प्रकारचे. पहिला हिस्सा घडांचा. दर सहा महिन्यांनी जे पिकेल त्याचे पैसे या लोकांना. याला इनकम शेअर म्हणतात. दुसरा हिस्सा बागेचा. याला पाच वर्षं एक केळं मिळणार नाही. पण मुदत संपली की बाग विकायची, बँकेचं कर्ज फेडायचं, इनकमवाल्यांना त्यांची ठरलेली मुद्दल द्यायची आणि उरेल ते सगळं या दुसऱ्यांचं. कितीही उरो. याला कॅपिटल शेअर.

मी दोन्ही घेतले. कागद माझ्याच नावावर आहेत, पण इनकमचे तुझे समज. दर सहा महिन्यांनी तुझ्या नावाने ड्राफ्ट येईल, सबिनाच्या खाण्यापिण्याला, शाळेला. कॅपिटलचे माझे. ८८ साली मुदत संपेल तेव्हा गासला स्वतःचं घर बांधेन आणि माझ्या लेकीला घेऊन त्यात राहीन. घड तुझे, बाग माझी. कसं वाटलं?

आल्फ्रेडभाऊंना नमस्कार. सबिनाला खूप पापे.

तुझी जुली

---

गास, वसई,
४ एप्रिल १९८३

प्रिय जुली,

वाड्यातल्या बागायतदाराची लेक ना तू? केळीची बाग पाच वर्षं ठेवायची आणि मग विकायची, हे तुला कतारच्या वाळूत कुणी शिकवलं? केळ एकदा व्याली की कापावी लागते. घड खाल्ल्यावर बाग म्हणून काय उरतं ते आल्फ्रेडला विचार. त्याने तुझं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, ‘साहेबाला सांग, नारळाचा दाखला दे.’

थट्टा सोड. मला एकच विचारायचं आहे. उरेल ते सगळं तुझं, हे कळलं. काहीच उरलं नाही तर? तू त्याला हे विचारलंस का, की त्याचा टाय बघत बसलीस?

ड्राफ्टचं तू मनावर घेतलंस म्हणून बरं वाटलं आणि वाईटही. मला पोर सांभाळायला पगार नको होता. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही, सबिना आली तेव्हा मी तुला काही मागितलं होतं का? पण शाळेचे खर्च वाढले आहेत, नाही म्हणत नाही.

सबिना मजेत. कोंबड्यांच्या मागे धावते, गुडघे फोडून घेते. फोटो रोज दाखवते. ‘मम्मी विमानात’ असं म्हणते. मला मावशी मावशी करत दिवसभर पदर धरून असते.

तुझी अँजेलीन

---

दोहा,
१८ नोव्हेंबर १९८४

प्रिय ताई,

तिसरा ड्राफ्ट पाठवला आहे. बघ, वेळेवर येतो की नाही! तू उगाच घाबरत होतीस. आणि माझ्या कॅपिटलचं ऐकशील तर हत्तीवरून साखर वाटशील. भाव दीडपट झाला. आमच्या वॉर्डातला डॉक्टर पेपर आणतो, त्यात मागच्या पानावर बारीक अक्षरात छापून येतो. मी आधी पेशंटचे चार्ट बघते आणि मग तो भाव. कधीकधी उलट.

आता रागावू नकोस. नाताळला येणार म्हणाले होते, ते जमत नाही. दोन वर्षांनी मिळणारी रजा आम्हाला हॉस्पिटल विकत घेतं. जाण्यायेण्याचं तिकीट आणि महिन्याचा पगार रोख देतात. मी रजा विकली आणि त्या पैशाचे आणखी कॅपिटल शेअर घेतले. आज एक महिना सोडला की ८८ साली घराची एक खोली वाढते. सबिनाला समजावून सांग. मोठी होईल तेव्हा म्हणेल, मम्मीने केलं ते माझ्यासाठीच.

मुशैरिबच्या बाजारातून तिच्यासाठी डोळे मिटणारी बाहुली घेतली आहे. वसईचं कुणी जाणारं मिळालं की पाठवते.

तिचा दात पडला ते तू पत्रात एका ओळीत लिहिलंस. कुठला दात? वरचा की खालचा? रडली का? दात कुठे टाकला? अशा गोष्टी नीट लिहीत जा गं. तुला रोज दिसतात म्हणून तुला त्यांची किंमत नाही.

तुझी जुली

---

गास,
९ जानेवारी १९८५

जुली,

खालचा. समोरचा. रडली नाही. मंगळोरी कौलांवर टाकला आणि म्हणाली, उंदीरमामा नवा दे.

किंमत मला नाही म्हणतेस? नाताळच्या आधीच्या रात्री ती नवा फ्रॉक घालून ओट्यावर बसली होती. तू येत नाहीस हे मी तिला तीनदा सांगितलं होतं. ऐकून घेतलं आणि तरी बसली. मिस्साची घंटा झाली तेव्हा आल्फ्रेडने उचलून नेली. वाटेत त्याच्या मानेत तोंड खुपसून होती. हे एका ओळीत कसं लिहायचं ते तू मला शिकव.

तुझी बाहुली पोचली. ती घरात आल्यापासून राणीचा मान आहे. सबिना शेजारच्या पोरींना हात लावू देत नाही, ‘मम्मीने पाठवली’ म्हणते. मला हेवा वाटला, लपवत नाही. रोज वेणी मी घालते, रोज तापाला कपाळावर पट्ट्या मी ठेवते, आणि तिच्या लेखी मी म्हणजे कटकट. तू वर्षातून एकदा डबा पाठवतेस आणि देवी होऊन बसतेस. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं बाई, आणि तुमच्याकडे उंटही आहेत.

तुला नीट ऐकायचं आहे ना? कॅसेट भरून पाठवते आहे. केरबा ड्रायव्हर म्हणून तिकडे परत निघाला आहे, आल्फ्रेडच्या ओळखीचा, तो आणून देईल. सबिनाने तासभर बडबड केली आहे.

अँजेलीन

---

दोहा,
२२ फेब्रुवारी १९८५

अँजेलीनताई,

कॅसेट मिळाली. केरबा बिचारा अल मन्सूराहून उन्हात चालत आला. त्याला पाणी दिलं आणि जैतूनच्या टू-इन-वनवर ती लावली. जैतून म्हणजे माझी खोलीतली जोडीदार, रत्नागिरीकडची. मी तुला तिच्याबद्दल लिहिलं होतं.

सबिनाने प्रभूची प्रार्थना म्हटली. पाढे म्हटले. कोंबड्यांची नावं सांगितली. जैतून हसून लोळत होती. मग सबिना थांबली. मागून तुझा आवाज आला, ‘बोल ना बाळा, मम्मीला सांग.’ आणि माझी मुलगी म्हणाली, ‘आय, आता काय बोलू?’

मी कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. मला वाटलं, माझ्या कानात काही आहे. जैतूनने हसणं बंद केलं आणि आवाज बारीक केला.

मावशी मावशी करते म्हणून लिहिलं होतंस. दोन वर्षं मी ते खरं मानलं. फोटो बोटाने दाखवतेस, मम्मी विमानात म्हणवून घेतेस, आणि घरात आय कोण, तर तू! हे नाव तू माझ्या पाठीमागे घेतलंस. मी इथे परक्या माणसांची लघवी उचलते, तिथे तू माझ्या लेकीची आय होऊन बसलीस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मी रात्रपाळीला गेले आणि सकाळी एजंटला फोन केला. तुझ्या नावाने ठेवलेले इनकम शेअर सगळे विकून टाकले. जैतूननेच घेतले. तिला म्हटलं, तीनच वर्षं राहिली आहेत, बाग घे, घड काय घेतेस? ती म्हणाली, ‘जुलियाना, शेवट कोणी बघितलाय? मला दर सहा महिन्याला हातात पाहिजे. शेवटचं इन्शाल्ला.’ तिचं तिच्यापाशी. आलेल्या पैशाचे मी कॅपिटलच घेतले. आता माझ्याकडे नुसती बाग आहे.

ड्राफ्ट येणार नाही. सबिनासाठी पगारातून दर महिन्याला पाठवीन, थोडे असतील. ८८ च्या मार्चमध्ये मी येईन, घर बांधीन आणि तिला घेऊन जाईन. तोवर तिला तुझं खरं नातं शिकव.

जुलियाना

---

गास,
२० मार्च १९८५

जुलियाना,

पत्र आल्फ्रेडला दाखवलं नाही. तो तुला धाकटी बहीण मानतो, त्याचं मन का मोडायचं?

नागोबा म्हणालीस. ऐक मग. मागच्या पावसाळ्यात तिला गोवर निघाला. तुला तेव्हा कळवलं नाही, कारण तू परदेशात जीव टांगणीला लावून बसली असतीस. तिसऱ्या दिवशी तापात ती ‘आय’ म्हणाली. कुणाला हाक मारली ते मला अजून ठाऊक नाही. शेजारच्या पोरी त्यांच्या आयला मारतात तशी मारली असेल. तुलाही असेल. पण जवळ मी होते. मी ओ दिली. नसती द्यायची का? ‘थांब बाळा, तुझी आय कतारला आहे, तिला पत्र टाकते’ असं म्हणायचं होतं?

त्यानंतर ती तेच म्हणत राहिली. मी शिकवलं नाही आणि मोडलंही नाही. तुला लिहिलं नाही, कारण तुझ्या पोटात दुखेल हे मला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर मला तो शब्द गोड लागला. लग्नाच्या तेरा वर्षांत मला कुणी तसं म्हटलं नव्हतं.

ड्राफ्ट बंद केलास, कर. आम्ही अळवाची पानं खाऊन राहू. पण एक लक्षात ठेव. तुझ्या त्या फंडाची मुदत संपूच नये, असं मला रोज वाटतं. चर्चात गुडघे टेकले की मनात हेच येतं. तू माझी सख्खी बहीण, तुझं भलं व्हावं असं मागायला जाते आणि जीभ अडते. तुझी बाग पिकली की माझं घर ओस पडणार, हे तूच ठरवलं आहेस ना?

तू हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागली आहेस. त्या जैतूनचं ऐकायला हवं होतंस.

अँजेलीन

---

दोहा,
३ जून १९८६

ताई,

सव्वा वर्षात तुझी चार कार्डं आली, माझीही तेवढीच गेली असतील. ‘सर्व ठीक, पैसे पोचले.’ यापेक्षा तार परवडली असती.

सबिनाच्या पहिल्या कम्युनियनचा फोटो काल आला. पांढरा फ्रॉक, डोक्यावर फुलांचा मुकुट, हातात मेणबत्ती. मान माझी आहे, उंच. हनुवटी रेमंडची. आणि मागे, दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तू. नवीन साडी, केसात अबोली. माझी जागा होती ती. फोटोतून तुला कापून काढावं असं वाटलं. कात्री हातात घेतली होती, खोटं नाही बोलत. पण तुझे हात कापले तर तिचे खांदे जातात.

यायला हवं होतं, मला कळतं. या वर्षीचीही रजा मी विकली. कॅपिटलचा भाव आता अडीचपट आहे. वॉर्डातल्या सगळ्या जणी मला विचारतात, जुलियाना सिस्टर, आम्ही घेऊ का? या भावात कोण सोडून येईल? पावणेदोन वर्षं राहिली. फक्त पावणेदोन.

जैतूनचा ड्राफ्ट आला की ती अल सद्दच्या दुकानातून बिर्याणी आणते आणि मला वाढते. मला ती घशाखाली उतरत नाही. तिच्या घराला गच्ची झाली, धाकटीचं लग्न झालं. माझं सगळं पेपरच्या मागच्या पानावर.

फ्रॉक कुणी शिवला?

जुली

---

गास,
२५ जून १९८६

जुली,

फ्रॉक मी शिवला. बाह्यांची लेस तू पाठवलेल्या परकराची आहे, ते तिला सांगितलं आहे.

फोटोग्राफर म्हणाला, ‘मुलीच्या आईने मागे उभं राहावं.’ सबिनाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी इकडे तिकडे बघितलं, दुसरं कुणी पुढे येईना. मग उभी राहिले. अबोली आल्फ्रेडने आणली होती.

कात्री ठेवून दे.

अँजेलीन

---

दोहा,
३० ऑक्टोबर १९८७

ताई,

तुझ्याकडे पेपरात आलं असेल. १९ तारखेच्या सोमवारी सगळ्या जगाचे शेअर बाजार एकदम कोसळले. मी ड्युटीवर होते. डॉक्टर पेपर घेऊन आला आणि माझ्याकडे न देता स्वतःच्या खिशात ठेवला, तेव्हाच मला कळलं.

फंडाने पैसा हाँगकाँगात आणि ऑस्ट्रेलियाच्या खाणींत घातला होता, वर बँकेचं कर्ज काढून आणखी घातला होता. भाव चढत होता तेव्हा ही हुशारी होती. हाँगकाँगचा बाजार तर चार दिवस उघडलाच नाही. एजंट फोनवर म्हणतो, सिस्टर, धीर धरा, अजून पाच महिने आहेत. त्याचा आवाज मी ओळखते. आम्ही नातेवाइकांशी बोलतो तसा होता.

आता विकले तर कुणी घेत नाही.

तू चर्चात काय मागत होतीस ते मला आठवतं. मिळालं तुला.

जुली

---

गास,
१६ नोव्हेंबर १९८७

जुली,

तुझं पत्र आलं तेव्हा मी चुलीवर मैद्याच्या फुग्या तळत होते. वाचलं. पहिल्या क्षणी मला काय वाटलं, सांगू? सुटले असं वाटलं. पोर आता जात नाही. मी तेलात पुढची फुगी सोडली आणि ती फुलली तशी मीही फुलले. मग शेवटची ओळ वाचली आणि कढई उतरवून ठेवली.

तुझ्या सात वर्षांच्या कष्टांची राख होत असताना मी फुग्या तळत सुखावले. तुझी थोरली बहीण मी. आई गेली तेव्हा तुला कडेवर घेऊन फिरले ती. तेव्हा तू मलाच आय म्हणायचीस, आठवतं? नसेल आठवत, तीन वर्षांची होतीस. मला आठवतं. मी आय म्हणवून घ्यायला आयुष्यात दोनदा शिकले आणि दोन्ही वेळा तुझ्यामुळेच.

मी हे मागितलं नव्हतं जुली. मुदत संपू नये असं मागितलं होतं, तू बुडावंस असं नाही. देवाला एवढा फरक कळायला हवा होता.

जेवतेस ना? जैतूनला सांग, माझ्या बहिणीला बिर्याणी वाढ आणि ती खाईपर्यंत समोरून उठू नकोस.

अँजेलीन

---

दोहा,
२८ मार्च १९८८

प्रिय ताई,

मुदत संपली. कागद आले. आधी बँकेने आपलं कर्ज उचललं. मग इनकमवाल्यांना त्यांची ठरलेली मुद्दल मिळाली. मग आमची पाळी. उरेल ते सगळं माझं होतं ना? माझ्या वाट्याला जे उरलं त्यात तिकीट आलं, मुंबईचं, आणि तुझ्यासाठी एक साडी. घराची वीटही नाही.

जैतूनला पूर्ण पैसे मिळाले. ज्यांनी पाच वर्षं दर सहा महिन्यांनी खाल्लं, त्यांनाच शेवटीही आधी मिळालं. मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. तिने काय केलं होतं माझं? मी विकलं ते घेतलं. शेवटी तीच म्हणाली, ‘खलास जुलियाना, पैसा गेला. मुलगी तर आहे ना? जा, बघून ये तिला.’ मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मला तिचा अजूनही हेवा वाटतो, हे तिला सांगितलं. म्हणाली, वाटू दे, पण आधी जेव.

ताई, मी त्या एजंटला दोष देत नाही. त्याने पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, तूही विचारलं होतंस. उरेल ते सगळं, एवढंच मी ऐकलं. रजा विकल्या, नाताळ विकला, कम्युनियन विकलं. पडलेला दात विकला, गोवर विकला. हे सगळं दर दिवसाचं होतं, मला वाटलं, पाच वर्षांनी एकदम घेऊ. सबिनाचं असं एकदम काही मिळत नाही, हे फंडाच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

या वेळची रजा विकली नाही. मे महिन्याच्या सहा तारखेला येते, पूर्ण महिना. घाबरू नकोस. मी तिला न्यायला येत नाही. न्यायला घरच नाही. आणि असतं तरी कुठल्या तोंडाने नेलं असतं? ती तुला आय म्हणते तशी म्हणू दे. मला दुखेल, पण मी बोलणार नाही.

फक्त एक मागते. नाही म्हणालीस तरी चालेल. त्या महिन्यात सकाळची वेणी मला घालू देशील?

तुझी जुली

---

गास,
१४ एप्रिल १९८८

प्रिय जुली,

वेणी घालू देशील का म्हणून विचारतेस? पत्र वाचून मला तुझा असा राग आला की मी आल्फ्रेडवर ओरडले. तो म्हणाला, ‘मी काय केलं?’

वेणी तू घाल. शाळेचा डबाही तूच भर. रात्री तिला पाठ थोपटल्याशिवाय झोप येत नाही, ते दहा वर्षांची झाली तरी सुटलेलं नाही, बाहेर कुणाला सांगू नकोस. तेही तूच कर. मी त्या महिन्यात आल्फ्रेडच्या बहिणीकडे जाऊन राहणार होते, म्हणजे तुमच्या मध्ये येणार नाही. पिशवी भरायला घेतली. मग मनात आलं, तुला केसांतला भांग कुठे काढायचा ते तरी कुठे ठाऊक आहे? मधोमध काढलास तर ती फुरंगटते. तर मी जात नाही. दारात उभी राहून बघीन. तू वेणी घालत असताना माझा जळफळाट होईल, आधीच सांगून ठेवते. तोंड फिरवून कोंबड्यांना दाणे टाकीन, पण रिबन मीच निवडणार.

आणि घराचं कसलं घेऊन बसलीस? आल्फ्रेड म्हणतो, विहिरीकडची खोली रिकामीच आहे, तिला चुना मारून घेतो. वाड्यावरच्या मिशन दवाखान्यात नर्स हवी आहे. पगार तुझ्या दोह्याच्या पगारापुढे चणेफुटाणे. मी विचारून ठेवलं आहे, एवढंच. ठरव तुझं तू.

साडी आणू नकोस. आणलीस तर निळी आण.

खाली सबिनाला दोन ओळी लिहायच्या आहेत. मला वाचू देत नाही, हाताने झाकून लिहिते आहे.

तुझी अँजेलीन

---

प्रिय मम्मी,

तू सहा तारखेला विमानतळावर बाहेर येशील तेव्हा कुठल्या रंगाचे कपडे घालणार, ते लगेच कळव. फोटोत तू काळ्या कपड्यांत आहेस आणि तो फोटो जुना आहे. आय म्हणते, ती तुला गर्दीत लांबून चालीवरून ओळखेल. तिला रंग सांगू नकोस, फक्त मला सांग. मला तुला तिच्या आधी ओळखायचं आहे.

तुझी सबिना